ग्लास चढवल्यावर थर्माकोलचा गाभा पुन्हा पुन्हा का खचतो, आणि तो कसा वाचवावा

वरून फायबरचा थर कडक आणि गुळगुळीत, पण बोटाने टकटक केली की आतून पोकळ आवाज येतो. दुसऱ्या दिवशी मॉडेल विमानाच्या पंखावर बोट बुडेल एवढा खड्डा दिसतो, किंवा बोटीच्या तळाशी ग्लासची कवची गाभ्यापासून सुटून दाबली की आत-बाहेर होते. थर्माकोलच्या गाभ्यावर ग्लास, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेले काचतंतू, चढवणारे हौशी मॉडेलकार ही तक्रार जवळजवळ याच शब्दांत करतात, आणि तिला मिळणारे उत्तरही ठरलेले असते: आधी फेविकॉलचा एक हात मारा. हे उत्तर खोटे नाही, पण ते इतके अपुरे आहे की ते पाळूनही पुढच्या मॉडेलचा गाभा खचतो, आणि मग दोष फेविकॉलला, थर्माकोलला किंवा हवामानाला दिला जातो. खचण्याची कारणे एकाहून अधिक आहेत, प्रत्येकाची खूण वेगळी आहे आणि उपायही वेगळा आहे. म्हणून आधी निदान करावे आणि मगच संरक्षक थराचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बडोद्यात हा दोष वारंवार दिसण्यामागे बाजारातली उपलब्धता हे एक साधे कारण आहे. मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक भागांत टाक्या, झाकणे, रसायनरोधक अस्तरे अशी एफआरपीची, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची, कामे चालतात, आणि दुकानदाराचा माल त्या गिऱ्हाइकासाठी भरलेला असतो. त्यामुळे ‘फायबरचे सामान’ मागितले की समोर येते ते जनरल पर्पज पॉलिएस्टर रेझिन (द्रव राळ), ते जमवणारे कॅटॅलिस्ट, जमण्याला वेग देणारे कोबाल्ट आणि आखूड काचतंतूंची चॉप्ड मॅट. हे सामान त्या कामांसाठी उत्तम आहे, कारण तिथे ते मेण लावलेल्या कडक साच्यावर चढते. आपल्याकडे मात्र साच्याच्या जागी थर्माकोल असते, आणि घोळ नेमका तिथे होतो.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. पॉलिएस्टर रेझिनमध्ये साधारण ३० ते ४५ टक्के द्रव स्टायरीन असते; ते रेझिन पातळ ठेवते आणि पुढे स्वतःही जोडले जाऊन कडक होते. ज्या रेणूंची साखळी जुळून थर्माकोल तयार झाले, तोच रेणू द्रवरूपात त्याला भेटतो आणि साखळ्या सहज सुट्या करतो. त्यात थर्माकोलची घनता ध्यानात घ्यावी. नेहमीच्या पॅकिंगच्या थर्माकोलची घनता घनमीटरला १५ ते २० किलो असते आणि भरीव पॉलिस्टायरीनची सुमारे १०५० किलो. म्हणजे आपण हातात धरतो त्या ठोकळ्यात जेमतेम दोन टक्के पदार्थ असतो आणि उरलेली सगळी हवा. टाचणीच्या अग्राएवढ्या छिद्रातून झिरपलेला एक थेंब आतला चिमूटभर पदार्थ विरघळवतो, पण त्या चिमटीने अडवलेली जागा मात्र बोराएवढी असते. एक हात मारून ‘बहुतेक’ पृष्ठभाग झाकला गेला, एवढ्यावर भागत नाही ते यामुळे. निळ्या किंवा गुलाबी रंगाच्या एक्सपीएस पाट्याही पॉलिस्टायरीनच्याच असतात. त्यांना मणी नसल्याने छिद्रे बुजवणे सोपे जाते एवढेच, स्टायरीनपुढे त्यांचाही टिकाव लागत नाही. पॉलियुरेथेन फोमची गोष्ट वेगळी आहे: सर्फबोर्ड बनवणारे त्यावर थेट पॉलिएस्टर चढवत आले आहेत आणि तेच कारागीर पॉलिस्टायरीनच्या गाभ्यासाठी इपॉक्सी हे स्टायरीन नसलेले रेझिन घेतात.

स्टायरीनशिवाय गाभा खाणारे आणखी पदार्थ कामाच्या टेबलावर हजर असतात. ब्रश धुण्याचे ॲसिटोन, रंगाचा थिनर, स्प्रेच्या डब्यातला रंग, चामडे-रबर चिकटवण्याचा पिवळा चिकटा, फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद, हे सगळे पॉलिस्टायरीनला घातक आहेत. गाभ्याचे दोन भाग पिवळ्या चिकट्याने जोडले असतील तर वरचा थर कितीही निर्दोष असो, सांध्याशी पोकळी आतूनच तयार झालेली असते.

आता निदानाकडे वळू. पोकळ आवाज येतो त्या जागी कटरच्या नव्या पात्याने दोन-तीन सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापावी आणि कवचीचा तुकडा उलटा करून उजेडात पाहावा. बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका विद्यार्थ्याने आणलेल्या बोटीवर आम्ही हेच केले. “काका, फेविकॉलचे दोन हात मारले होते, तरी असं कसं?” हा त्याचा प्रश्न होता. खिडकीतून दिसलेल्या पोकळीच्या भिंती काचेसारख्या चकचकीत होत्या, तळाशी चिकट, ताणला की तार निघणारा गोळा होता, आणि स्टायरीनचा उग्र वास अजून गेला नव्हता. कापलेल्या तुकड्याच्या पाठीला फेविकॉलचा पापुद्रा चिकटून आला होता. तो उजेडाकडे धरल्यावर मण्यांच्या बेचक्यांत तीन बारीक ठिपके आरपार चमकले. दोन्ही हात पाणी घालून पातळ केलेले आणि दोन्ही एकाच दिशेने ओढलेले होते. पहिल्या हाताने सोडलेल्या बेचक्या दुसऱ्यानेही सोडल्या. चकचकीत भिंत, तार निघणारा गोळा आणि वास या तीन खुणा एकत्र दिसल्या की ते द्रावकाचे काम आहे, असे निश्चित समजावे.

पोकळीच्या भिंती कोरड्या असतील, मणी ओळखू येत असतील पण आक्रसून एकमेकांपासून सुटले असतील, आणि वास नसेल, तर गाभा उष्णतेने बसला आहे. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, पण फुगवलेले थर्माकोल ७०-८० अंशांनाच आकार सोडू लागते. रेझिन जमताना स्वतः तापते. पातळ पसरलेले असेल तर ती उष्णता हवेत निघून जाते, पण कण्याच्या खाचेत किंवा पंखाच्या मुळाशी त्याचे तळे साचले तर तेवढ्या जागेचे तापमान ही मर्यादा सहज ओलांडते. हे इपॉक्सीतही घडते. म्हणून ‘इपॉक्सी वापरूनही गाभा विरघळला’ अशी तक्रार आली की मी आधी रेझिन कुठे साचले होते ते विचारतो, आणि मग त्यात थिनर घातला होता का, तेही विचारतो. थिनर घातलेले इपॉक्सी हे गाभ्याच्या दृष्टीने थिनरच आहे. तयार झालेले मॉडेल गडद रंगवून मे महिन्यात उन्हात किंवा बंद गाडीत ठेवले तरी गाभा असाच बसतो. तिथे संरक्षक थर काही करू शकत नाही. रंग फिका निवडावा आणि सावली धरावी.

तिसरा प्रकार फसवा असतो. गाभा शाबूत, मणी जागच्या जागी, तरी कवची पापडासारखी उचलली जाते. याचा अर्थ संरक्षक थराने रेझिन अडवले, पण कवचीला धरून ठेवले नाही. पॅकिंगची खाकी किंवा पारदर्शक टेप गुंडाळून ग्लास चढवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो: टेपमधून स्टायरीन लवकर जात नाही हे खरे, पण रेझिन तिला धरतही नाही. साचा काढून टाकायचा असेल तेव्हा टेप उत्तम आहे. गाभा आत राहून कवचीला आधार देणार असेल तेव्हा टेप वापरू नये. भिंतीचा चकचकीत प्लास्टिक इमल्शन रंगही याच वर्गातला आहे, कारण कवची रंगाला धरते आणि रंग थर्माकोलला जेमतेम धरतो. वाकणाऱ्या पंखात कवची आणि गाभा एकजीव असतील तरच ताकद मिळते. म्हणून संरक्षक थराची परीक्षा दोन प्रश्नांची असते: तो अडवतो का, आणि तो धरतो का. बहुतेक सल्ले पहिल्याच प्रश्नाशी थांबतात.

यावर माझे उत्तर विमानांसाठी एक आणि बोटी किंवा स्थिर मॉडेलांसाठी दुसरे आहे, आणि त्यामागे वजनाचा हिशेब आहे. समजा पंखाचे दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ मिळून ०.६ चौरस मीटर आहे. पॉलिएस्टरपासून गाभा वाचवण्यासाठी ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) खाकी कागद फेविकॉलने चिकटवला आणि सुकलेले फेविकॉल ५० जीएसएम धरले, तर केवळ संरक्षणाचे वजन ७२ ग्रॅम होते. त्याच पंखावर ४९ जीएसएमचे ग्लास कापड तेवढ्याच वजनाच्या इपॉक्सीत चढवले तर संपूर्ण कवची ५९ ग्रॅमच्या आसपास बसते. म्हणजे पॉलिएस्टर वापरण्यासाठी जे अस्तर द्यावे लागते, तेच इपॉक्सीच्या पुऱ्या कवचीपेक्षा जड होते. द्रावक न घातलेले इपॉक्सी पॉलिस्टायरीनला विरघळवत नाही. त्यामुळे उडणाऱ्या मॉडेलसाठी रेझिन बदलणे हाच खरा उपाय आहे, आणि किलोमागे जास्त पडणारी किंमत लागणाऱ्या अल्प प्रमाणामुळे तितकीशी जाचत नाही. अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या १९७५ साली उडालेल्या व्हेरीईझी या खऱ्याखुऱ्या, माणूस बसणाऱ्या विमानाचे पंखही तप्त तारेने कापलेल्या पॉलिस्टायरीन फोमवर इपॉक्सी आणि ग्लास चढवूनच केलेले होते.

इपॉक्सी घेतले तरी गाभ्याला पहिला हात लागतोच, मात्र त्याचे काम वेगळे असते. मण्यांच्या बेचक्या उघड्या ठेवल्या तर त्या कापडातले रेझिन ओढून घेतात; वजन वाढते आणि कापड कोरडे पडते. त्यासाठी इपॉक्सीत काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पावडर, म्हणजे मायक्रोबलून, घालून दाट ताकाएवढी पातळ लांबी, म्हणजे भरण्याची पुट्टी, करावी, ती जुन्या एटीएम कार्डाने गाभ्यावर घट्ट ओढावी आणि ती ओली असतानाच कापड पसरावे. अशी कवची बेचक्यांत मुळे रोवल्याप्रमाणे बसते. पावडर उडते आणि फुफ्फुसांना अपायकारक असते, म्हणून मास्क लावूनच मिसळावी. चॉप्ड मॅट मात्र इपॉक्सीबरोबर शक्यतो घेऊ नये, कारण तिचे तंतू बांधून ठेवणारा चिकटा साधारणतः स्टायरीनमध्ये सुटेल असा असतो. इपॉक्सीत मॅट ताठ राहते आणि वळणावर उचलते. विणलेले कापडच घ्यावे.

बोटीचे, रथाचे किंवा देखाव्याचे मॉडेल असेल, वजनाची फिकीर नसेल आणि पॉलिएस्टरच परवडत असेल, तर संरक्षक थर मन लावून करावा लागेल. गाभा १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासून भुगा मऊ ब्रशने झटकावा. पांढऱ्या फेविकॉलमध्ये मायक्रोबलून किंवा टाल्कम पावडर कालवून लोण्याइतकी दाट लांबी करावी आणि बेचक्या भरून घ्याव्यात. व्हाइट सिमेंटची वॉल पुट्टी इथे वापरू नये. ती जड असते आणि लवचिक थर्माकोलवर तडकते. लांबी सुकल्यावर घासावी, आणि मग फेविकॉलमध्ये थोडेसे पाणी घालून कागदाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींवर सेंटिमीटरभर चढतील अशा बसवाव्यात. वळणावर कागदाला आडव्या चिरा द्याव्यात, नाहीतर सुरकुतीखाली हवा राहते. कागदाचे महत्त्व असे की फेविकॉलचा पापुद्रा सुकताना आक्रसतो आणि बेचकीवर फाटतो, तर कागद त्याला त्या जागी पूल देतो. कागद सुकल्यावर वरून पाणी न घालता फेविकॉलचे दोन हात द्यावेत, एक उभा आणि दुसरा आडवा, आणि दुसरा हात पहिला पूर्ण सुकल्यानंतरच.

‘पूर्ण सुकणे’ हे बोट लावून कळत नाही. थर्माकोल पाणी शोषत नाही, त्यामुळे थरातले सगळे पाणी एकाच बाजूने, वरूनच बाहेर पडते. वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि खालचे पाणी कोंडून ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्याची दमट हवा असते तेव्हा ही वाट आणखी अडते. खात्रीचा उपाय ग्रॅमचा काटा आहे. गाभ्याचे वजन सकाळी आणि संध्याकाळी घेऊन लिहून ठेवावे, आणि लागोपाठच्या दोन नोंदींत फरक उरला नाही की थर सुकला असे मानावे. पावसाळ्यात याला दोन-तीन दिवस लागले तर लागू द्यावेत. ओलसर थरावर पॉलिएस्टर नीट जमत नाही आणि तळाशी चिकट राहते. चिकट राहिलेले रेझिन म्हणजे मोकळे स्टायरीन, जे दिवसेंदिवस खाली झिरपत राहते. रेझिन ओतल्यावर लगेच काही न होता आठवड्याने गाभा खचतो, अशा अनेक तक्रारींच्या मुळाशी मला हेच दिसले आहे.

थर सुकल्यावर छिद्रे शोधण्यासाठी पेनातली निळी शाई थोड्या पाण्यात मिसळून फडक्याने पुसटशी फिरवावी आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपावी. छिद्र असेल तिथे शाई शिरून गडद ठिपका राहतो. टॉर्च आडवी धरून पाहिल्यास कडा, टोके आणि कागदाचे सांधे यांच्याजवळचे ठिपके अधिक सापडतात. प्रत्येक ठिपक्यावर फेविकॉलचा थेंब द्यावा, तो सुकू द्यावा, आणि पुन्हा शाई फिरवावी. ही पायरी कंटाळवाणी आहे हे मान्य, पण संपूर्ण कामात मी हिलाच सर्वांत जास्त मान देतो. त्यानंतर पृष्ठभाग १२० नंबरच्या पेपरने केवळ चमक जाईल इतका घासावा. ती चमक गेली नाही तर कवची पापडासारखी उठेल, आणि कागदापर्यंत घासले तर छिद्रे पुन्हा उघडतील.

मॉडेलला हात लावण्यापूर्वी त्याच थर्माकोलच्या तुकड्यावर, त्याच वेळी, त्याच डब्यातून हाच थर दिलेला असावा. त्या तुकड्यावर कॅटॅलिस्ट न घातलेल्या रेझिनचा रुपयाच्या नाण्याएवढा थेंब ठेवून वरून बाटलीचे झाकण पालथे घालावे आणि तासाभराने पाहावे. कॅटॅलिस्टशिवाय रेझिन द्रवच राहते आणि झाकणामुळे स्टायरीन उडून जात नाही, म्हणून प्रत्यक्ष कामापेक्षा ही परीक्षा कडक आहे; तासाभरात खालचा तुकडा खचला नाही तर थर भरवशाचा समजावा. ही परीक्षा ॲसिटोनने करू नये, कारण ॲसिटोन सुकलेल्या फेविकॉललाही मऊ करते आणि चांगल्या थरालाही नापास करते. त्याच कारणाने, संरक्षक थरावर सांडलेले रेझिन ॲसिटोनच्या बोळ्याने पुसण्याची सवय मोडावी.

पॉलिएस्टरचा पहिला थर पातळ आणि लवकर जमणारा हवा. रेझिन द्रव राहील तितका वेळ ते गाभ्याची वाट शोधत राहते; हिवाळ्यातल्या गार संध्याकाळी एक टक्का कॅटॅलिस्टवर ते तासभर ओले राहिले तर चांगल्या थरालाही ते जड जाते. १.५ ते २ टक्के कॅटॅलिस्ट, फक्त सरफेस टिश्यू (काचतंतूंचा अगदी पातळ पापुद्रा), आणि ब्रशने टिपून घेतलेले रेझिन, एवढाच पहिला थर द्यावा. तो जमून थंड झाल्यावरच मॅटचा जाड थर द्यावा. मे महिन्यात उलट काळजी लागते: कॅटॅलिस्ट एक टक्क्याकडे आणावे, कारण जाड थर तापतो. दोन्ही ऋतूंत काम ऊन चढत असताना करू नये. गाभ्यातली हवा तापून फुगते आणि कवचीखाली बुडबुडे ढकलते. तापमान उतरत असते त्या वेळी, म्हणजे संध्याकाळनंतर, तीच हवा आक्रसते आणि बुडबुडे ढकलत नाही, म्हणून ती वेळ धरावी. कोबाल्ट वेगळे मिळाले असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे आणि त्यानंतर कॅटॅलिस्ट घालावे. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट हे एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्याने भडका किंवा स्फोट होतो. कॅटॅलिस्टचा शिंतोडा डोळ्याला कायमची इजा करू शकतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे ही सक्ती समजावी.

काही जण मधला मार्ग म्हणून इपॉक्सीचा एक हात देऊन त्यावर पॉलिएस्टर चढवतात. इपॉक्सीला कडक करणाऱ्या हार्डनरमधले अमाइन हे रसायन पृष्ठभागावर उरले की पॉलिएस्टर तिथे नीट जमत नाही आणि पकडही कच्ची राहते. दमट हवेत तर इपॉक्सीवर त्याचाच तेलकट थर येतो, जो पाण्याने धुऊन मगच घासावा लागतो. घरात इपॉक्सी आहेच तर सगळे काम इपॉक्सीतच करावे.

गाभा आधीच खचलेला असेल तर मॉडेल टाकून देण्याची गरज नाही. पोकळीवरची कवची कापून काढावी, चिकट गोळा चमच्याने खरवडावा आणि वास पूर्ण जाईपर्यंत खिडकी काही दिवस उघडी ठेवावी. मग पोकळीच्या आकाराचा फोमचा तुकडा इपॉक्सी आणि मायक्रोबलूनच्या लांबीने बसवावा, आजूबाजूची कवची दोन-तीन सेंटिमीटर रुंदीत उतरती घासावी, आणि वरून इपॉक्सीतच ग्लास कापडाचे ठिगळ द्यावे. घासलेल्या पॉलिएस्टरला इपॉक्सी चांगले धरते, म्हणून जुनी कवची पॉलिएस्टरची असली तरी अडचण येत नाही. खड्डा भरण्यासाठी गॅरेजमध्ये मिळणारी गाड्यांच्या डेंटिंगची लांबी मात्र उघड्या फोमवर लावू नये, कारण तीही पॉलिएस्टरचीच असते आणि तिच्यातही स्टायरीन असते.